कर्करोगाचे मूळ शोधणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर

मुंबईतील परळ भागात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. अवघ्या ८० खाटांचे हे रुग्णालय केवळ कर्करोगाच्या उपचारांसाठी उभारण्यात आले होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले होते. त्यांच्या स्मृतीतून आणि टाटा विश्वस्त निधीतून ही वास्तू साकार झाली. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हे या रुग्णालयाचे दर्शनी काम होते. मात्र प्रयोगशाळा आणि संशोधन विभागाची सूत्रे ज्यांच्या हाती सोपविण्यात आली, त्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासमोर वेगळाच प्रश्न होता. भारतीय माणसाला कर्करोग शरीराच्या नेमक्या कोणत्या भागात होतो आणि त्याच भागात का होतो, याचे उत्तर त्यांना हवे होते.

आज हा प्रश्न साधा वाटतो, परंतु त्या काळी तो तसा नव्हता. कर्करोग हा सुधारलेल्या पाश्चात्त्य समाजाचा रोग असून भारतासारख्या देशात तो क्वचितच आढळतो, अशी समजूत वैद्यकीय वर्तुळातही रूढ होती. इस्पितळांतील शवविच्छेदनाच्या नोंदी तपासून तिला धक्का देण्याचे काही प्रयत्न १९३० नंतरच्या दशकात झाले होते. तरीही देशात या रोगाची पद्धतशीर मोजदाद नव्हती. पाठ्यपुस्तके युरोपातून येत. त्यांतील चित्रे आणि उदाहरणे तिकडच्या रुग्णांची असत. परळच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या माणसाचा रोग मात्र त्या पुस्तकांत बसत नव्हता.

खानोलकर म्हटले की मराठी वाचकाला कवी आणि कादंबरीकार चिं. त्र्यं. खानोलकर आठवतात. वैद्यकातील खानोलकरांचे नाव सामान्य वाचकाच्या ओठी तेवढे नाही. हे आडनाव वेंगुर्ले तालुक्यातील खानोली या गावाशी नाते सांगते. डॉ. वसंत खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि तेथूनच १९२३ मध्ये विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी संपादन केली. रोगाने शरीरातील पेशी आणि ऊती यांत काय बदल घडतात, याचा अभ्यास करणारे हे शास्त्र होय. रोग्याच्या उशाशी बसून कीर्ती मिळविण्याची संधी या शाखेत नसते. तिचे काम काचपट्टीवर आणि शवागारात चालते. विलायतेतून मोठी पदवी घेऊन आलेल्या तरुण डॉक्टरने मुंबईत दवाखाना थाटावा, ही त्या काळची सरळ वाट होती. खानोलकरांनी ती धरली नाही.

मुंबईत परतल्यावर त्यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून अध्यापन केले. परळचे हे दुसरे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. तेथील अध्यापक भारतीय असावेत, या अटीवर देणगीदारांनी पैसा दिला होता. सरकारी वैद्यकीय सेवेत वरच्या जागा इंग्रजांसाठी जवळजवळ राखीव असण्याचा तो काळ होता. त्यामुळे या संस्थेत काम करणाऱ्यांवर आपली योग्यता सिद्ध करण्याचे एक अबोल दडपण असे. याच महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ या नावाने ओळखला जाणारा दुर्मीळ रक्तगट जगासमोर आणला. परळच्या त्या परिसरात संशोधनाची जी हवा तयार झाली, तिच्या आरंभीच्या शिल्पकारांत खानोलकरांची गणना होते.

टाटा रुग्णालयात आल्यानंतर तीन वर्षांनी, १९४४ मध्ये, त्यांचा एक निबंध ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुंबईत लागोपाठ आलेल्या १००० मुखकर्करोग रुग्णांचा तो आढावा होता. लागोपाठ या शब्दाला येथे महत्त्व आहे. निवडक, विलक्षण किंवा शस्त्रक्रियेस योग्य असे रुग्ण वेचून काढले की चित्र फसवे होते. आले तसे सर्व रुग्ण धरले तर रोगाचा खरा चेहरा दिसतो. तो चेहरा युरोपातील चेहऱ्यापेक्षा वेगळा निघाला. तिकडे जठराचा कर्करोग डॉक्टरांना सतावत होता आणि फुप्फुसाचा वाढू लागला होता. मुंबईत रुग्ण येत होते ते गाल, हिरडी, जीभ, टाळू आणि घसा यांच्या रोगाने ग्रासलेले. बहुतेकांचा रोग फार पुढे गेलेला असे. तोंड उघडत नाही, अन्न गिळवत नाही, अशा अवस्थेत माणूस गावाहून मुंबई गाठत असे.

असे का घडत होते? याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली पूर्णपणे मिळणारे नव्हते. कर्करोगाची पेशी लंडनमध्ये जशी दिसते तशीच मुंबईत दिसते. फरक होता तो रुग्णाच्या कनवटीला असलेल्या चंचीत. पान, सुपारी, कात, चुना आणि तंबाखू यांचा विडा गालफडात धरून ठेवण्याची सवय असलेल्या माणसाची व्रणाची जागा बहुधा विडा धरण्याचीच जागा असे. तंबाखू आणि चुना तळहातावर मळून खालच्या ओठामागे दाबणाऱ्या खैनीच्या व्यसनी माणसाचा रोग त्याच खाचेत सुरू होई. आंध्रच्या किनारी भागात चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची रीत होती आणि तेथील रुग्णांना टाळूचा कर्करोग होत असे. जेथे सवय, तेथे व्रण, असा हा नकाशा होता. रुग्ण काय करतो, कोठे राहतो, कोणत्या जातीचा वा धर्माचा आहे, काय खातो आणि काय चघळतो, हे विचारणे त्यामुळे निदानाइतकेच आवश्यक ठरले. विकृतिशास्त्रज्ञाच्या टेबलावर येणारा ऊतीचा तुकडा यांतले काहीच सांगत नाही. त्यासाठी माणसाशी बोलावेच लागते.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, खानोलकर आणि त्यांच्या सहकारी डॉ. सूर्याबाई यांनी चालीरीतींशी निगडित अशा भारतातील तीन नव्या कर्करोगप्रकारांचे वर्णन केले. खैनीच्या कर्करोगाबरोबर त्यात धोतराच्या कर्करोगाचाही समावेश होता. कमरेला धोतर घट्ट कसून रोज त्याच जागी गाठ मारली की तेथील कातडी वर्षानुवर्षे घासली जाते. तिचा रंग जातो, ती जाड होते, चिरते आणि क्वचित त्या न भरणाऱ्या चिरेतून कर्करोग उद्भवतो. काश्मीरमध्ये थंडीत फिरनखाली पोटाशी धरल्या जाणाऱ्या कांगडीमुळे पोटाच्या व मांडीच्या त्वचेला होणारा कर्करोग डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होता. धोतराचे उदाहरण त्याच पंक्तीतले. आकड्यांच्या दृष्टीने हा रोग किरकोळच होता. मात्र अगदी निरुपद्रवी वाटणारी वस्तूही दीर्घकाळ एकाच जागी त्रास देत राहिली तर काय होऊ शकते, हे त्यातून दिसले. त्याच मुंबईत पुढे साडीच्या नाडीमुळे होणाऱ्या अशाच कर्करोगाची नोंद झाली.

केवळ वर्णनावर थांबून चालणार नव्हते. तंबाखू चघळणारे लोक इतके आहेत की रुग्णांतही ते असणारच, असा आक्षेप कोणीही घेऊ शकला असता. म्हणून कर्करोग झालेले आणि न झालेले अशा दोन्ही गटांच्या सवयींची तुलना करावी लागली. लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० मध्ये याच रीतीने दाखवून दिला होता. डॉ. एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांचा मुंबईतील अभ्यास १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू चघळण्याचा संबंध प्रामुख्याने तोंडाच्या पोकळीतील कर्करोगाशी, तर विडी ओढण्याचा संबंध जिभेचे मूळ आणि घसा यांच्या कर्करोगाशी असल्याचे त्यात आढळले. सिगारेटविषयी जगभर वाद पेटलेला असताना विडीचा आणि पानतंबाखूचा हिशेब मुंबईत मांडला जात होता, याची नोंद पुष्कळदा घेतली जात नाही.

मुंबई हे अशा अभ्यासासाठी जणू तयार प्रयोगक्षेत्र होते. एकाच शहरात, एकाच हवेत, परंतु निरनिराळ्या चालीरीती पाळत आणि आपापसांतच विवाह करत अनेक समाज राहत होते. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग तुलनेने अधिक आणि गर्भाशयमुखाचा कमी आढळे. हिंदू स्त्रियांत चित्र उलट होते. लहान वयात होणारे विवाह आणि बाळंतपणे यांच्याशी त्याचा संबंध जोडण्यात आला. सुंता करणाऱ्या समाजांत पुरुषाच्या जननेंद्रियाचा कर्करोग जवळजवळ दिसत नसे. हे फरक वंशाचे की वागणुकीचे, हे ठरविण्यासाठी खानोलकर आणि संघवी यांनी मुंबईतील सहा समाजांच्या रक्तगटांचा आणि इतर आनुवंशिक लक्षणांचाही अभ्यास केला. भारतातील मानवी आनुवंशिकीच्या आरंभीच्या कामांत त्याला स्थान आहे.

या अभ्यासांना मर्यादाही होत्या. रुग्णालयात येतात तेवढेच रुग्ण मोजले जातात. घरीच मरण पावणारा, वैद्याकडे वा मांत्रिकाकडे जाणारा माणूस हिशेबात येत नाही. पारशी कुटुंबे दवाखान्यात लवकर जात, तर गिरणगावातील मजूर बाई शेवटी जात असे. संपूर्ण लोकसंख्येतील कर्करोगाची नोंद ठेवणारी देशातील पहिली यंत्रणा मुंबईत १९६३ मध्ये डॉ. द. ज. जस्सावाला यांच्या पुढाकाराने सुरू झाली. पानतंबाखू आणि मुखकर्करोग यांच्या नात्याबद्दल खानोलकरांनी काढलेला निष्कर्ष मात्र पुढील प्रत्येक तपासणीत टिकला.

संशोधन हे डॉक्टरने फावल्या वेळात करण्याचे काम नसून तो पूर्ण वेळेचा व्यवसाय असला पाहिजे, असा खानोलकरांचा आग्रह होता. त्यातून केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाच्या साह्याने १९५२ मध्ये परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि त्याचे संचालकपद त्यांच्याकडे आले. या केंद्रात डॉक्टरांच्या जोडीला जीवशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ यांना स्थान होते. त्या काळातील भारतीय वैद्यकात ही गोष्ट नवीनच होती. पुण्यातील फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली काम करून १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. नंतर त्या अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचे तंत्र शिकून आल्या. या केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. सत्यवती शिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने पेशींच्या अंतरंगाचा अभ्यास सुरू केला. तोंडाच्या आतील त्वचा ताठर होऊन जबडा उघडेनासा होतो, या कर्करोगपूर्व विकारावर खानोलकर आणि शिरसाट यांनी मिळून काम केले. मिरचीतील तिखट द्रव्य उंदरांच्या टाळूला लावून त्यांनी हा विकार निर्माण करण्याचा प्रयोग १९६० मध्ये प्रसिद्ध केला. पुढील संशोधनात या विकाराचा मुख्य दोष सुपारीकडे असल्याचे निष्पन्न झाले. प्रयोगशाळेच्या दारात स्त्रिया अपवादानेच दिसत त्या काळात या केंद्रातील दोन महत्त्वाच्या शाखा स्त्रियांनी उभ्या केल्या, हेही नमूद केले पाहिजे.

कुष्ठरोग हा खानोलकरांच्या अभ्यासाचा दुसरा मोठा विषय होता. या रोगात चट्ट्याची संवेदना प्रथम हरपते, हे सर्वांना ठाऊक होते. अगदी सुरुवातीच्या, नुकत्याच उमटलेल्या चट्ट्यांचे तुकडे तपासून खानोलकरांनी दाखविले की रोगजंतू त्वचेतील बारीक मज्जातंतूंत शिरतात आणि त्यांच्या आधाराने वर सरकतात. त्वचेचा रोग म्हणून समाजाने ज्याचा तिरस्कार केला तो मुळात मज्जातंतूंचाही रोग आहे, ही दृष्टी त्यामुळे पक्की झाली. कुष्ठरोगाचे जंतू प्रयोगशाळेत वाढत नाहीत, ही संशोधकांची जुनी अडचण होती. केंद्रातील सी. व्ही. बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जंतू वेगळा करून वाढविला. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसीआरसी’ हे नाव मिळाले. तो कुष्ठरोगाचा खरा जंतू आहे की त्याचा नातलग, यावर दीर्घकाळ वाद झाला आणि तो नातलग असल्याचे मत पुढे मान्य झाले. तरीही त्याच जंतूपासून कुष्ठरोगावरील लस तयार करण्याचे प्रयत्न परळच्या याच संस्थेत झाले.

मानसन्मान आणि पदे त्यांच्याकडे बरीच आली. भारतीय विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण हा किताब त्यांना लाभला आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्याप्रमाणे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणूनही त्यांची नियुक्ती झाली होती. अणुऊर्जा विभागाच्या जैविक आणि वैद्यकीय सल्लागार समितीचे अध्यक्ष या नात्याने १९५५ नंतर त्यांनी किरणोत्साराच्या परिणामांकडे लक्ष वळविले. अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे जगभर चिंता पसरली होती आणि संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या शास्त्रीय समितीत खानोलकर भारताचे प्रतिनिधी होते. केरळच्या किनाऱ्यावर थोरियमयुक्त मोनाझाइट वाळूत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या लोकांचा अभ्यास हा तेव्हा जागतिक कुतूहलाचा विषय बनला. येथेही सूत्र तेच होते. एखादा समाज वेगळ्या परिस्थितीत राहत असेल तर निसर्गाने आधीच मांडून ठेवलेला तो प्रयोग नीट वाचला पाहिजे.

हीच दृष्टी यकृताच्या कर्करोगाच्या शोधात किती उपयोगी पडली, हे त्यानंतरच्या काळाने दाखविले. यकृताचा कर्करोग युरोपात विरळा, तर आफ्रिका आणि आग्नेय आशियात सर्रास आढळणारा. तो तेथेच का, या प्रश्नाचा पाठपुरावा करताना भुईमूग आणि मका यांवरील बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष उघड झाले. १९६० मध्ये इंग्लंडमधील हजारो टर्की पक्षी दूषित पेंड खाऊन मेल्याने त्याचा माग लागला. बरूच ब्लूमबर्ग यांना ज्या कामासाठी १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, त्यातून ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू सापडला. या विषाणूवरील लस यकृताच्या कर्करोगापासूनही संरक्षण देते. ईशान्य थायलंडमध्ये गोड्या पाण्यातील मासे कच्चे खाण्याच्या रिवाजातून पित्तनलिकेत कृमी जातात आणि तेथे पित्तनलिकेचा कर्करोग होतो. महाराष्ट्रातील उदाहरण घरातले आहे. लहान मुलांचे यकृत कठीण होऊन वर्ष-दोन वर्षांतच मृत्यू ओढवणारा एक विकार भारतात अनेक दशके कुटुंबेच्या कुटुंबे हादरवीत होता. पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यांनी १९८३ मध्ये त्याचा संबंध पितळी भांड्यांशी जोडला. कल्हई उडालेल्या भांड्यात तापविलेल्या दुधात तांबे उतरते आणि ते तान्ह्या बाळाच्या यकृतात साचते. पितळेच्या जागी स्टील आले, मातांना सूचना मिळू लागल्या आणि हा विकार जवळजवळ नाहीसा झाला. खानोलकर तेव्हा हयात नव्हते. पण रोगाचे कारण स्वयंपाकघरात शोधण्याची ही रीत त्यांच्या पिढीने परळमध्ये रुजविली होती.

तंबाखूच्या बाबतीत मात्र असे घडले नाही. पितळेचे भांडे बदलणे सोपे असते. व्यसन, व्यापार आणि करांचे उत्पन्न यांची गाठ सोडविणे कठीण असते. १९४४ च्या निबंधानंतर कित्येक दशके तंबाखूच्या विक्रीवर कोणतेही परिणामकारक बंधन आले नाही. उलट १९८० नंतर गुटख्याच्या स्वस्त पुड्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. चंची, अडकित्ता आणि चुनाळे यांची जागा एका पुडीने घेतली आणि शाळकरी मुलेही या व्यसनात ओढली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विड्याला १९८५ मध्ये कर्करोगकारक ठरविले आणि २००४ मध्ये तंबाखू नसलेला विडा व सुपारी यांनाही तोच शिक्का दिला. महाराष्ट्र शासनाने २००२ मध्ये गुटख्यावर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ मध्ये ती पुन्हा घालण्यात आली. बंदीनंतरही चोरट्या मार्गाने येणारे साठे पकडल्याच्या बातम्या येत राहिल्या. ओठ आणि तोंड यांचा कर्करोग भारतीय पुरुषांत आजही सर्वाधिक आढळतो.

डॉ. खानोलकर यांचे २९ ऑक्टोबर १९७८ रोजी निधन झाले. टाटा रुग्णालय १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले होते आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन केंद्र एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले होते. परळची जागा अपुरी पडू लागल्यावर संशोधन संस्था २००२ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे हलविण्यात आली. तेथील संशोधनाच्या इमारतीला ‘खानोलकर शोधिका’ हे नाव देण्यात आले आहे.